सरहद्द ओलांडणारा धूर आणि मोजमापाचा हक्क

(चाकूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न मुंबई-दिल्लीचा, फार तर चंद्रपूरचा. चाकूरसारख्या तालुक्याच्या गावाशी त्याचा संबंध काय, असा समज कार्यकर्त्यांतही आढळतो. दुष्काळ, सोयाबीनचा भाव, पीकविमा, रोजगार हमीची कामे आणि ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर हेच येथील खरे प्रश्न, हवा हा सुखवस्तूंच्या चर्चेचा विषय, असे या समजामागचे गृहीत असते. हे गृहीत दोन कारणांनी चुकीचे आहे. एक तर धुराबरोबर जे जड धातू हवेत जातात ते जेथे निर्माण होतात तेथेच पडतात असे नाही. दुसरे, कोणाची हवा मोजायची आणि कोणाची मोजायची नाही हा निर्णय विज्ञानाचा नसून सत्तेचा असतो. म्हणून हा प्रश्न समाजवादी कार्यकर्त्याच्या कक्षेबाहेरचा मानता येणार नाही.

शिसे, कॅडमियम, पारा, आर्सेनिक म्हणजे सोमल, निकेल, क्रोमियम ही या धातूंतील प्रमुख नावे. (आर्सेनिक काटेकोर अर्थाने धातू नसले तरी त्याची गणना याच वर्गात केली जाते.) दगडी कोळसा जाळताना, धातू वितळवताना, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढताना, सिमेंट भाजताना आणि कचरा जाळताना हे धातू हवेत मिसळतात. सेंद्रिय विष काळाच्या ओघात विघटित होऊ शकते. धातू मूलद्रव्य असल्यामुळे तो नष्ट होत नाही. तो केवळ जागा बदलतो : धुराड्यातून हवेत, हवेतून मातीत आणि पाण्यात, तेथून धान्यात, माशात आणि शेवटी माणसाच्या रक्तात व हाडांत. शिसे मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते, आणि त्याची अमुक मात्रा निर्धोक आहे असे जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. पाऱ्याने काय होऊ शकते हे १९५६ साली जपानमधील मिनामाता येथे प्रथम उघड झाले. तेथे कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांतून कोळ्यांच्या घरांत पोचला होता.

या धातूंचा प्रवास सारख्या अंतराचा नसतो. शिसे आणि कॅडमियम धुळीच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटून काही दिवस हवेत राहतात आणि शेकडो, प्रसंगी हजारो किलोमीटर जातात. पारा मात्र वाफेच्या रूपात सुमारे सहा महिने ते वर्षभर हवेत राहू शकतो. तेवढ्या अवधीत तो पृथ्वीला फेरी घालून येतो. ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांत रोमन साम्राज्याच्या काळातील खाणींचे शिसे सापडते, आणि विसाव्या शतकातील थरांत मोटारींच्या पेट्रोलमधले शिसे सापडते. जेथे धुराडे नाही आणि मोटारही नाही, त्या बर्फाने दोन हजार वर्षांचा हिशेब जपून ठेवला आहे.

हा हिशेब राष्ट्रांनी एकत्र बसून मांडावा ही कल्पना युरोपात पुढे आली, आणि तिचा इतिहास ध्यानात घेण्याजोगा आहे. स्वीडनमधील तळी आम्लयुक्त होऊन मासे मरू लागले तेव्हा स्वान्टे ओदेन या मृदाशास्त्रज्ञाने १९६७ साली असे मांडले की, हे आम्ल इंग्लंड व मध्य युरोपातील कारखान्यांच्या धुरातून येत आहे. प्रारंभी ते कोणी मान्य केले नाही. स्वीडनने हा प्रश्न १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत नेला, आणि त्याच वर्षी पश्चिम युरोपातील देशांनी एकत्रित मापन सुरू केले. १९७७ साली त्याचे निष्कर्ष हाती आले तेव्हा वाद मिटला. अनेक देशांत पडणारे गंधक मुख्यतः परक्या भूमीवरून येत होते. पुढे १३ नोव्हेंबर १९७९ रोजी जिनिव्हा येथे दूर पल्ल्याच्या सीमापार वायुप्रदूषणासंबंधी करार झाला. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांनीही त्यावर सह्या केल्या. गणनेचे एक केंद्र ऑस्लोत आणि दुसरे मॉस्कोत ठेवण्यात आले. क्षेपणास्त्रे परस्परांवर रोखलेली असताना दोन्ही गट एकाच तक्त्यात आपापल्या धुराचे आकडे भरू लागले. १९८४ साली या मापनाचा खर्च सर्व देशांनी ठरलेल्या प्रमाणात उचलावा असाही करार झाला. जड धातूंची गणना मॉस्कोच्या केंद्राकडे आली, आणि १९९८ साली डेन्मार्कमधील आऱ्हूस येथे शिसे, कॅडमियम व पारा या तीन धातूंसाठी स्वतंत्र करारनामा झाला. तो २००३ साली अमलात आला.

ही गणना कशी होते हे समजून घेणे अवघड नाही. प्रथम प्रत्येक देश आपल्या वीज केंद्रांतून, भट्ट्यांतून आणि वाहनांतून वर्षाला किती धातू हवेत जातो याची यादी देतो. नकाशावर चौकटी आखलेल्या असतात. त्या पूर्वी १५० किलोमीटरच्या होत्या, नंतर ५० किलोमीटरच्या झाल्या आणि आता त्याहूनही लहान झाल्या आहेत. प्रत्येक चौकटीत किती धातू वर गेला, वाऱ्याने तो कोणत्या चौकटीत नेला, किती पावसाबरोबर खाली आला आणि किती कोरड्या धुळीच्या रूपाने बसला, हे संगणक तासातासाने मांडत जातो. यालाच गणिती प्रारूप म्हणतात. त्याच्या शेवटी एक तक्ता तयार होतो. आडव्या ओळीत पाठवणारे देश, उभ्या ओळीत घेणारे देश, आणि प्रत्येक घरात एक आकडा : या देशाचे इतके शिसे त्या देशाच्या जमिनीवर पडले. सावकाराच्या वहीत ऋणकोचे नाव असते. या वहीत प्रथमच धनकोचेही नाव आले, आणि धनको म्हणजे ज्याच्या शेतात विष पडले तो.

तथापि प्रारूप म्हणजे सत्य नव्हे. त्याची परीक्षा जमिनीवरच्या मापनाने होते. ठरावीक केंद्रांवर गाळणकागदातून हवा ओढली जाते, पावसाचे पाणी स्वच्छ भांड्यांत साठवले जाते आणि प्रयोगशाळेत त्यांतील धातू मोजले जातात. युरोपात अशी तुलना झाली तेव्हा मोजलेले आकडे गणनेने काढलेल्या आकड्यांहून अनेकदा मोठे निघाले. त्याची दोन कारणे पुढे आली. सरकारांनी कळवलेल्या यादीत सगळे उत्सर्जन येत नव्हते. शिवाय जुन्या काळी मातीत बसलेला धातू वाऱ्याने पुन्हा धुळीबरोबर वर उठत होता. यातून निघणारा राजकीय धडा स्पष्ट आहे. कागदावरच्या उत्सर्जनाला जमिनीवरचा साक्षीदार लागतो. तो नसेल तर प्रारूप हे सरकारी आकड्यांचा केवळ प्रतिध्वनी ठरते. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला आणि सोव्हिएत सरकार गप्प राहिले. दोन दिवसांनी स्वीडनमधील फोर्समार्क येथील उपकरणांनी किरणोत्सर्ग नोंदवला, आणि त्यानंतरच जगाला ती दुर्घटना कळली. सत्ता मौन धरते तेव्हा मापनयंत्र बोलते. म्हणूनच सत्तेला मापनयंत्र नकोसे असते.

युरोपचे हे उदाहरण गौरवासाठी सांगितलेले नाही. तेथील शिशाचे उत्सर्जन १९९० नंतरच्या तीन दशकांत नव्वद टक्क्यांहून अधिक घटले, याचे मोठे श्रेय शिसेयुक्त पेट्रोल बंद होण्याला आहे; परंतु घाणेरडे उद्योग गरीब देशांकडे सरकले हाही त्याच काळातील इतिहासाचा भाग आहे. कोडाईकनालचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. अमेरिकेतील थर्मामीटरचा कारखाना विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात तेथे आणला गेला. फुटलेल्या काचा आणि पारा यांची विल्हेवाट कशी लावली जात होती हे नागरिकांनी आणि कामगारांनी उघडकीस आणल्यावर २००१ साली तो बंद पडला. हवेत पारा गेला होता की नाही याचे उत्तर कशाने दिले? झाडांवरच्या दगडफुलाने आणि शेवाळाने. हैदराबाद येथील अणुऊर्जा खात्याच्या प्रयोगशाळेने त्यांचे नमुने तपासले तेव्हा त्यांत पाऱ्याचे वाढलेले प्रमाण आढळले. शेवाळाला मुळांवाटे अन्न घ्यावे लागत नाही. ते हवेतूनच सर्व शोषते, म्हणून ते हवेची नोंदवही होते. स्वीडनने हे तंत्र १९६० च्या दशकाच्या अखेरीस वापरात आणले आणि १९९० पासून दर पाच वर्षांनी युरोपातील अनेक देश शेवाळ गोळा करून धातूंचा नकाशा काढतात. महागडे यंत्र नाही म्हणून मापन होत नाही, ही सबब त्यामुळे टिकत नाही. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत शेवाळ बारमाही नसते; पण लिंबाची पाने आणि झाडांच्या साली यांवर बसलेल्या धातूंचा अभ्यास भारतात झालेला आहे.

आता दक्षिण आशियाकडे वळू या. १९९८ च्या एप्रिलमध्ये मालदीवची राजधानी माले येथे भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव आणि इराण या आठ देशांनी वायुप्रदूषण व त्याचे सीमापार परिणाम यांविषयी एक जाहीरनामा मान्य केला. हा ठराव मालदीवमध्ये व्हावा यातही एक संकेत होता. १९९९ साली शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरावर मोठे निरीक्षण केले तेव्हा असे आढळले की, हिवाळ्यात उपखंडावरून वाहणारे वारे तपकिरी धुके थेट मालदीवपर्यंत नेतात. ज्या द्वीपराष्ट्राकडे कारखाने नाहीत ते कोट्यवधी लोकांच्या चुलींचा आणि धुराड्यांचा धूर घेत होते. मात्र माले जाहीरनामा हा स्वेच्छेचा आहे. त्यात जिनिव्हा करारासारखे बंधन नाही आणि जड धातूंचा देशनिहाय हिशेबही नाही. लाहोर आणि अमृतसर यांच्यातील धुराविषयी दोन्ही बाजूंचे पुढारी दर हिवाळ्यात परस्परांना दोष देतात. दोघांनी मिळून मान्य केलेला तक्ता नसल्यामुळे तो दोष भाषणातच राहतो. शीतयुद्धातील शत्रूंना जे जमले ते एकच ऋतुचक्र वाटून घेणाऱ्या शेजाऱ्यांना जमू नये, ही राष्ट्रवादाची नव्हे तर राजकारणाची नामुष्की आहे.

पाऱ्याच्या बाबतीत भारत जागतिक करारात सामील आहे. मिनामाता करार २०१३ साली झाला, २०१७ साली अमलात आला आणि भारताने २०१८ साली त्याला अंतिम मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०१५ साली मानवी उद्योगांतून जगभर सुमारे २२०० टन पारा हवेत गेला आणि त्यातील जवळजवळ निम्मा आशियातून गेला. कोळशाचा वाटा त्यात सुमारे एकपंचमांश होता. डिसेंबर २०१५ मध्ये भारत सरकारने औष्णिक वीज केंद्रांच्या धुरातील पाऱ्याला घनमीटरमागे ०.०३ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. पण धुरातील गंधक काढून घेणारी जी यंत्रणा पाऱ्याचाही काही भाग अडवते, तिची मुदत पुनःपुन्हा वाढवण्यात आली आणि जुलै २०२५ मध्ये तर देशातील बहुसंख्य संचांना तिच्यातून सूट मिळाली. बंधन घालायचे आणि ते पाळण्याचे साधन माफ करायचे, अशी ही रीत आहे.

हे सर्व चाकूरला कोठे येऊन मिळते? परळी वैजनाथ येथील औष्णिक वीज केंद्र १९७१ साली सुरू झाले. जुने संच निवृत्त झाले असून आज तेथे प्रत्येकी २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणपणे तीस ते पंचेचाळीस टक्के असते. आर्सेनिक, शिसे, निकेल व क्रोमियम यांचा मोठा भाग राखेत उतरतो आणि पारा बहुतांशी वायुरूपाने धुराड्यातून जातो. परळीपासून चाकूर सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, आग्नेयेस आहे. उन्हाळ्यात मराठवाड्यावर वारे मुख्यतः वायव्य-पश्चिमेकडून येतात. नेमक्या त्याच काळात राखेचे तलाव सुकतात आणि शेते उघडी पडलेली असतात. हिवाळ्यात वारा उलटतो आणि पूर्वेकडून, म्हणजे तेलंगणातील रामगुंडम व विदर्भातील चंद्रपूर या कोळशाच्या पट्ट्याकडून येतो. युरोपच्या जुन्या पन्नास किलोमीटरच्या चौकटी येथे आखल्या तर परळी आणि चाकूर शेजारशेजारच्या घरांत पडतील. त्या घरांत आकडा भरण्याची व्यवस्था मात्र उभी राहिलेली नाही.

याचे कारण मापनाच्या रचनेत आहे. १९८१ चा हवा प्रदूषण कायदा संसदेने स्टॉकहोम परिषदेतील निर्णयांच्या पूर्तीसाठी केला, असे त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच म्हटले आहे. म्हणजे भारताचा हवेचा कायदा मुळातच आंतरराष्ट्रीय कर्तव्यातून जन्मला. परंतु २००९ च्या राष्ट्रीय मानकांत बारा प्रदूषके आहेत आणि त्यांत धातू तीनच : शिसे (वार्षिक सरासरी घनमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅम), आर्सेनिक (६ नॅनोग्रॅम) आणि निकेल (२० नॅनोग्रॅम). पारा व कॅडमियम त्यांत नाहीत. शहरांतील स्वयंचलित यंत्रे प्रामुख्याने धूळ आणि वायू मोजतात. धुळीत कोणता धातू आहे हे कळायला गाळणकागद प्रयोगशाळेत न्यावा लागतो. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत लातूर आहे. चाकूर नाही, अहमदपूर नाही, कारण तो कार्यक्रमच शहरांचा आहे. वीज शहरांना व कारखान्यांना जाते, धूळ शेतमजुराच्या अंगावर बसते, आणि धूळ मोजण्याचे यंत्रही पुन्हा शहराकडेच जाते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. वीज हवी, रोजगार हवा, परळीच्या कामगारांची घरे त्या केंद्रावर चालतात. मग धातूंचा प्रश्न काढून केंद्र बंद पाडायचे काय? मुळीच नाही. त्या राखेशी आणि धुराशी सर्वांत जवळचा संबंध त्या कामगाराचाच असतो. कंत्राटी मजुराचे रक्त तपासले जावे ही मागणी कामगारविरोधी नसून कामगारांचीच आहे. मोजमाप झाल्याने वीज थांबत नाही. मोजमाप न झाल्याने मात्र आजाराचा खर्च कारखान्याच्या खात्यातून गरिबाच्या खात्यात जातो. दुसरा आक्षेप असा घेतला जाईल की, पाश्चात्त्यांनी आधी आपले घर स्वच्छ करावे. ते खरेच आहे. पण त्यांची जबाबदारी दाखवण्यासाठीही तोच तक्ता लागतो. ज्याच्याकडे वही नाही, त्याला उसनवारी सिद्ध करता येत नाही.

सरहद्दी किती तात्पुरत्या असतात हे या भागाला सांगण्याची गरज नाही. अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके १९५६ पूर्वी बीदर जिल्ह्यात होते. नंतर ते उस्मानाबादेत आले, आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाला. निजामाची सरहद्द गेली, द्विभाषिकाची गेली. वाऱ्याच्या दिशा होत्या त्याच राहिल्या. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला तेव्हा जगभरच्या भूकंपमापकांनी तो नोंदवला आणि त्या नोंदी शास्त्रज्ञांनी एकमेकांना दिल्या. जमिनीच्या कंपाला जगात जी सामायिक नोंदवही आहे, तीच श्वासाच्या हवेला हवी, एवढीच ही मागणी आहे.

डॉ. राममनोहर लोहिया यांनी ग्राम, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चौखंभा राज्याची कल्पना मांडली आणि त्यावर जागतिक शासनाचा पाचवा खांब सुचवला. हवेच्या प्रश्नाला ही मांडणी जशीच्या तशी लागू पडते. गावाने नमुने गोळा करावेत आणि ग्रामसभेत त्यांचे आकडे वाचले जावेत. जिल्ह्याने किमान प्रत्येक तालुक्यात वर्षभर धुळीतील शिसे, आर्सेनिक, निकेल, कॅडमियम आणि पारा मोजावा व शाळेतील मुलांच्या रक्तातील शिसे तपासावे. महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगणा या राज्यांनी परस्परांना किती धातू पाठवला याचा संयुक्त तक्ता काढावा. केंद्राने प्रत्येक वीज केंद्राचा कोळसा, राख आणि धुराड्यातील पारा यांचे आकडे मागितल्यावाचून प्रसिद्ध करावेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा आशय हाच आहे. आणि दक्षिण आशियाने माले जाहीरनाम्याला बंधनकारक कराराचे रूप द्यावे, ज्यात खर्चही ऐपतीनुसार वाटलेला असेल.

यातील पहिली दोन कामे दिल्लीची वाट न पाहता सुरू करता येतात. माहिती अधिकाराचा अर्ज लिहिणे, ग्रामसभेत ठराव आणणे, जवळच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना सोबत घेणे, परळीच्या कामगार संघटनेशी बोलणे, ही कार्यकर्त्याची नेहमीचीच कामे आहेत. रोजगार हमीच्या चळवळीत हजेरीपट गावासमोर वाचून घेण्याचा आग्रह धरला जातो, कारण कोऱ्या किंवा खोट्या पटावर मजुरी बुडते. हवेचाही हजेरीपट असतो. तो आज चाकूरच्या नावाने कोरा आहे, आणि तो भरून घेणे हे येत्या वर्षाचे काम आहे.